एमजीबीचे नवे डोअर पॅनल बसतच नाहीयेत
१९७२ ची एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार) नीट करतोय, ट्रिम किट (आतल्या आवरणांचा संच) आला पण पॅनलच्या क्लिपांची भोकं दाराच्या पत्र्याशी जुळेनात, अर्ध्या बोटाचा फरक आहे, काच वर-खाली करायच्या हँडलचं भोकही सरकलंय. कापू का परत पाठवू?

– थांब रे, कापू नको! जुनं पॅनल फेकलं नाहीस ना? ते नव्यावर ठेवून आधी हँडलचं भोक जुळव, मग बाकीच्या खुणा कर.

– आणि मागे प्लॅस्टिकचा कागद लावच, दारात पाणी उतरतंच, मी आळस केला आणि हार्डबोर्ड फुगून पार वाकडा झाला.

– जुनं सापडलं, जुळतंय! पण व्हील आर्चवर (चाकावरच्या कमानीवर) व्हिनाइलला चुण्या पडतायत.

– हेअर ड्रायरने कोमट करून ताण. कॉन्टॅक्ट गोंद व्हिनाइल आणि पत्रा दोन्हीकडे लाव, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाब, नंतर हलत नाही ते.