वाचकाला मत विचारू नका, काम द्या

धागाकर्ता
बातमीखाली 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारून पाचशे प्रतिक्रिया गोळा करायच्या, याला वाचकांचा सहभाग म्हणायला माझी तयारी नाही. २००९ मध्ये ब्रिटिश खासदारांनी सरकारी पैशातून घेतलेल्या खर्चाचं प्रकरण पेटलं, तेव्हा 'द गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राने त्या खर्चाच्या कागदपत्रांची साडेचार लाखांवर पानं ऑनलाइन टाकली आणि वाचकांना सांगितलं, एकेक पान उघडा, संशयास्पद दिसलं तर खूण करा. वीस हजारांवर माणसं कामाला लागली. पहिल्या ८० तासांत १,७०,००० पानं डोळ्यांखालून गेली. एवढे हात कुठल्या न्यूजरूमकडे असतात?

जुना उपसंपादक
असहमत. त्याच उपक्रमात सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर ढीगभर पानं तशीच पडून राहिली, तेही सांगा. डेस्कवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून बोलतो. वाचकाकडून एक फोटो येतो. तो आजचाच आहे का, तिथलाच आहे का, त्यानेच काढलाय का? सावल्या, पाट्या, हवामान, सगळं ताडून पाहण्यात तास जातो आणि तोवर दुसरीकडे तो छापून आलेला असतो. २०१३ च्या अमेरिकेतल्या बोस्टन स्फोटांनंतर रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर लोकांनी असंच 'काम' केलं. एका बेपत्ता, निरपराध विद्यार्थ्याला संशयित ठरवलं. मुलाच्या काळजीने आधीच खचलेल्या त्याच्या घरच्यांना काय सोसावं लागलं असेल! रेडिटने नंतर माफी मागितली, पण बोललेलं परत घेता येत नाही.

धागाकर्ता
बोस्टनचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. तिथे जमाव होता, संपादक नव्हता. दक्षिण कोरियात २००० साली 'ओमायन्यूज' हे बातम्यांचं संकेतस्थळ उभं राहिलं ते 'प्रत्येक नागरिक वार्ताहर' म्हणत, पण नागरिकांच्या बातम्या पगारी संपादकांच्या हाताखालून जात. तपासायला वेळ लागतो हे मान्य. त्यासाठी माणसं नेमा, दार कशाला लावता?

बातमीदार मुलगी
दार उघडं ठेवण्याची किंमत कोण मोजतं, हे दोघांनीही लिहिलं नाही. २०१६ मध्ये 'गार्डियन'नेच आपल्याकडच्या सात कोटी प्रतिक्रिया तपासल्या. सर्वाधिक शिवीगाळ झालेल्या दहा लेखकांपैकी आठ स्त्रिया होत्या, उरलेले दोघे कृष्णवर्णीय पुरुष. मी स्वतः एका बातमीनंतर दोन आठवडे फोन उघडला नव्हता. त्या बातमीतली चूक दाखवणारा एक नेमका संदेश त्याच घाणीत दबून गेला, ही बोच अजून आहे.

जुना उपसंपादक
ताई, हे वाचून वाईट वाटलं. नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या 'एनआरकेबीटा' या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने २०१७ मध्ये एक उपाय केला होता: काही लेखांवर प्रतिक्रिया देण्याआधी त्या लेखावरचेच प्रश्न सोडवायचे. एवढी अट मला चालेल. धागाकर्ते, तुमच्या त्या वीस हजारांना मात्र मी अजून बातमीदार म्हणणार नाही. ते साक्षीदार आहेत, मदतनीस आहेत. चूक झाली तर नाव माझं जातं, त्यांचं नाही.

धागाकर्ता
मग श्रेय देतानाही तेवढंच काटेकोर राहा. पान ज्याने शोधलं त्याचं नाव बातमीत का नसतं?