जिल्हा परिषदेची शाळा चांगली चालते की नाही, हे नेमकं कशावरून ओळखायचं?

सिंदफणाकाठ

मुलीला येत्या जूनमध्ये पहिलीत घालायचं आहे. गाव बीड जिल्ह्यात. गावातली जि. प. शाळा पहिली ते पाचवी, पट 58, शिक्षक दोन. दुसरा पर्याय तालुक्याच्या गावची इंग्रजी माध्यमाची खाजगी शाळा. तिची बस गावात येते, एका बाजूचं अंतर 14 किलोमीटर.

गावातल्या शाळेला यंदा रंग दिलाय, भिंतीवर चित्रं आहेत, टीव्ही बसवलाय. शिष्यवृत्तीत आलेल्या मुलांचा फलकही दारात आहे. पण आत शिकवणं कसं आहे, ते बाहेरून कळत नाही. शाळेत कधी जावं, काय बघावं, काय विचारावं? गुरुजींना राग न येता हे कसं करावं, तेही सांगा. गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, म्हणून पट कागदावर एक आणि वर्गात एक असतो.

---

खडू-फळा

रंग आणि टीव्ही बाजूला ठेवा. शिष्यवृत्तीचा फलकही. त्या परीक्षेची तयारी बहुतेक ठिकाणी निवडक चार-पाच मुलांकडून जादा तासाला करून घेतात. तो फलक वर्गातल्या वरच्या चार लेकरांविषयी सांगतो, आणि तुम्हाला कळायला हवं ते मधल्या आणि खालच्या लेकरांविषयी.

त्यासाठी शाळेत जायचीही गरज नाही. संध्याकाळी गल्लीतली तिसरीतली पाच-सहा लेकरं ओट्यावर बसवा. हुशार म्हणून कुणी पुढे केलेली नकोत, जी खेळत असतील ती घ्या. पाठ्यपुस्तकातला धडा वाचायला देऊ नका, तो ऐकून ऐकून पाठ झालेला असतो. लेकरू पानाकडे न बघताही घडाघडा म्हणतं आणि आपल्याला वाटतं वाचता येतंय. न पाहिलेला उतारा द्या. हा चालेल:

«आजी सकाळी लवकर उठली. तिने शेळीला पाणी पाजले. शेळीचे पिल्लू गोठ्यात झोपले होते. राधाने त्याला हिरवा पाला दिला. पिल्लू उड्या मारत अंगणात आले. अंगणात ज्वारी वाळत घातली होती. पिल्लाने ज्वारीत तोंड घातले. आजी काठी घेऊन धावली. राधा मात्र हसत राहिली.»

हे बरोबर 40 शब्द आहेत. 2021 पासून चालू असलेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या शेवटी मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीच्या शेवटी किमान 60 शब्द समजून वाचता यावेत, असं लक्ष्य आहे. म्हणजे तिसरीच्या लेकराने हा उतारा मिनिटाच्या आत संपवायला हवा. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, शब्द लांब होतात. त्यामुळे मी वेगाला फार घट्ट धरणार नाही. मिनिट-सव्वा मिनिट लागलं तरी चालेल, पण अडखळतंय कुठे ते बघा. «गोठ्यात», «उड्या», «ज्वारी» इथे थांबून पुढे गेलं तर जोडाक्षरांचा सराव कमी आहे, तो भरून निघतो. «शे-ळी-ला» असं अक्षर-अक्षर जुळवत असेल तर पहिली-दुसरीतच पाया राहिलाय.

वाचून झालं की दोन प्रश्न विचारा. पिल्लू कुठे झोपलं होतं? आजी काठी घेऊन का धावली? पहिल्याचं उत्तर उताऱ्यात लिहिलेलं आहे, दुसऱ्याचं नाही, ते समजून घ्यावं लागतं. पहिलं सांगणारी बरीच भेटतील. सहापैकी चार लेकरांनी दुसरं सांगितलं, तर त्या शाळेत भाषा मनापासून शिकवतात असं समजा.

आणि लेकरू चुकलं तर «एवढंही येत नाही का» असं म्हणू नका. परीक्षा शाळेची आहे, त्याची नाही.

---

बालाघाट

गणितासाठी दोन-तीनच उदाहरणं पुरतात, फक्त ती नेमकी हवीत.

तिसरीला 52 वजा 27 द्या. 25 आलं तर ठीक. 35 आलं तर समजा की लेकराने सातातून दोन वजा केले. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्याला ठाऊक आहे, हातचा म्हणजे दशक सुटा करणं हे कुणी काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवलेलं नाही. एका लेकराचं 35 आलं तर ती त्याची चूक. सगळ्यांचं 35 आलं तर ते शिकवण्यातलं आहे.

दुसरीला «सत्तावीस लिही» म्हणा. 72 लिहिणारी निघतील, कारण मराठीत आधी सात ऐकू येतो. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात «वीस सात» असं वाचन आणलं तेव्हा बराच वाद झाला, पण अडचण खरी आहे. दुसरी संपेपर्यंत ती गेलेली असावी.

चौथी-पाचवीला 612 भागिले 6. उत्तर 102. बरीच लेकरं शून्य गाळून 12 लिहितात. मग विचारा, «612 रुपये सहा जणांत वाटले, एकाला 12 येतील का?» जे लेकरू थांबून «नाही, जास्त येतील» म्हणतं, त्याला संख्येचा अंदाज आहे. मला नुसत्या बरोबर उत्तरापेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं.

---

सिंदफणाकाठ

हे ओट्यावर नक्की करता येईल. पण वर्गात काय बघायचं? दोन शिक्षक आणि पाच इयत्ता, हे जमतं तरी कसं?

---

दुधना

आधी नियम. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला 60 पटापर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. तुमचा पट 58, म्हणजे दोनच मिळणार. 30 सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं, म्हणून गावातली लेकरं बसने बाहेर जातात की शाळेत येतात यावर शिक्षकांची संख्या अवलंबून असते. पालकांनी बैठकीत हे उघड बोलायला हवं.

दोन शिक्षकांत पाच इयत्ता जमतात, पण बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळून शिकवणं, येत असेल तरच. साधारणपणे पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी ते पाचवी दुसऱ्याकडे असते. वर्गाच्या दाराशी परवानगी घेऊन वीस मिनिटं उभे राहा आणि एकच मोजा: रिकामी बसलेली लेकरं किती? गुरुजी तिसरीला शिकवत असताना चौथी-पाचवीच्या हातात काय आहे? पाटीवर उदाहरणं, शब्दकार्ड, गटात वाचन, मोठं लेकरू लहानाचं घेतंय, काहीही चालेल. निम्मी लेकरं नुसती बसून असतील किंवा फळ्यावरचं उतरवून घेत असतील, तर त्यांना दिवसाचा तिसरा हिस्साही शिकायला मिळत नाही. दोनशिक्षकी शाळा इथेच घसरते. शिक्षक दांडी मारतात म्हणून नव्हे, नियोजन नसतं म्हणून.

दुसरं, एक गुरुजी प्रशिक्षणाला, केंद्राच्या बैठकीला किंवा मतदार यादीच्या कामाला गेले की काय होतं, ते सरळ विचारा. «त्या दिवशी पाचही वर्ग एकत्र घेऊन गोष्ट आणि वाचन घेतो» असं ठरलेलं उत्तर मिळालं तर चांगलं.

हजेरीचं सोपं आहे. फळ्याच्या कोपऱ्यात «पट 24, हजर 22» लिहिलेलं असतं. बाहेरच्या चपलांचे जोड मोजा, आत डोकी मोजा. तीनदा जा: सोमवारी परिपाठाला, आठवडी बाजाराच्या दिवशी, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर. सुट्टीनंतर निम्मी लेकरं घरी गेलेली दिसली, तर दुपारचं शिकवणं त्यांना धरून ठेवत नाही.

---

खडू-फळा

दुधनांनी म्हटलंय ते बरोबर, त्यात वह्यांची भर घालतो. तिसरीच्या कोणत्याही तीन वह्या शेजारी ठेवून एकाच तारखेचं पान उघडा. तिन्हींत «माझी आई» हा निबंध शब्दाला शब्द सारखा असेल तर तो फळ्यावरून उतरवलेला आहे, लेकराने काही लिहिलेलं नाही. चुकलेल्या शब्दावरही लाल बरोबरची खूण असेल तर वही तपासलेली नाही, नुसती सही आहे. मला आवडणारी वही जरा मळकी असते. खाडाखोड असते, चुकीच्या शब्दाखाली रेघ असते आणि खाली तोच शब्द लेकराने परत बरोबर लिहिलेला असतो. तारखांत दहा-दहा दिवसांची गॅप दिसली तर कारण विचारा.

---

टोळी-मुक्काम

ऊसतोडीचा मुद्दा धरल्याशिवाय आपल्याकडची शाळा तोलता येत नाही. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या जातात आणि पाडव्याच्या आसपास किंवा त्याहून उशिरा परततात. पहिली ते पाचवीसाठी कायद्यात वर्षाला किमान 200 कामाचे दिवस आणि 800 तास सांगितलेत. आईबापाबरोबर कारखान्यावर गेलेल्या लेकराचे त्यातले निम्मे तरी बुडतात. ते तिसरीत अक्षर जुळवत वाचतंय म्हणून शाळा वाईट, असा निकाल देऊ नका. ओट्यावरच्या चाचणीत कायम गावात राहणारी लेकरं वेगळी धरा, जाणारी वेगळी.

पण जाणाऱ्यांसाठी शाळा काय करते, हीच तिची खरी पारख आहे असं मला वाटतं. तीन गोष्टी विचारा. जाताना शिक्षण हमी पत्रक दिलं का, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत लेकराला बसता येतं? हंगामी वसतिगृह चालू आहे का? यात लेकरं गावात आजी-आजोबांकडे राहतात आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते. ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं, म्हणून समिती जागी असेल तिथेच वेळेत सुरू होतं. दिवाळीनंतर महिनाभराने सुरू झालं तर उपयोग नाही, तोवर लेकरू कोयत्याबरोबर गेलेलं असतं. आणि परत आलेल्या लेकरांसाठी रोजचा वेगळा तास ठेवतात की मागच्या रांगेत बसवतात?

तांड्यावरच्या शाळेसाठी आणखी एक. लेकरू घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतं. पहिलीच्या बाई त्याचं बोलणं ऐकून घेऊन हळूहळू मराठीकडे नेतात, की «नीट बोल» म्हणून गप्प करतात? पहिल्या तीन महिन्यांत गप्प झालेलं लेकरू पुढे फार उशिरा तोंड उघडतं.

---

बालाघाट

पोषण आहाराचा हिशेब कुणालाही जमतो. पहिली ते पाचवीला प्रत्येक लेकरामागे तांदूळ 100 ग्रॅम, डाळ 20, भाजी 50, तेल 5. हजर 40 असतील तर 4 किलो तांदूळ, 800 ग्रॅम डाळ, 2 किलो भाजी, 200 ग्रॅम तेल. पातेल्यात डाळ दिसत नसेल तर विचारायचा हक्क आहे. चव नोंदवही असते, वाढण्याआधी शिक्षक आणि पालकाने चव घेऊन त्यात लिहायचं असतं. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने एका दमात लिहिलेल्या असतील तर ओळखू येतं.

स्वच्छतागृह मात्र मार्च-एप्रिलमध्ये बघा. ते बांधलेलं बहुतेक ठिकाणी आहे. कुलूप आहे का, आणि उन्हाळ्यात बादलीभर पाणी आत असतं का, हे महत्त्वाचं. कुलूप असलेल्या शाळेत मुली दिवसभर पाणी प्यायचं टाळतात. तुमची मुलगी आहे, निदान कुलूप आहे का ते पहिल्या दिवशीच बघा.

---

सिंदफणाकाठ

एवढं सगळं एकट्याने विचारलं तर चौकशी करतोय असं वाटेल. कागदपत्रं दाखवतील का?

---

दुधना

एकट्याने जाऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्यात, अध्यक्ष पालकच असतो. एखाद्या सदस्य ताईला बरोबर घ्या आणि मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी सांगून जा. «सर, मुलीला इथेच घालायचा विचार आहे, वर्ग बघावा म्हणतो» एवढं पुरतं. चांगल्या गुरुजींना हे आवडतं, त्यांचं काम बघायला फारसं कुणी येत नाही. समितीच्या मागच्या सहा बैठकांचं इतिवृत्त मागा. त्यात नुसतं «विषय मंजूर» असेल तर समिती सहीपुरती आहे. «तिसरीची सहा मुले वाचनात मागे, रोज अर्धा तास» अशी एखादी ओळ सापडली तर तिथे कुणीतरी काळजी करतंय.

शाळेचा 11 अंकी यू-डायस क्रमांक (सरकारी ओळख क्रमांक), आपल्याकडे 27 ने सुरू होणारा, भिंतीवर असतो. त्यावरून वर्गवार पट, शिक्षक आणि सुविधा ऑनलाइन दिसतात. ही माहिती शाळाच वर्षातून एकदा भरते, म्हणून तिच्यावर निकाल न देता प्रत्यक्षाशी पडताळा. शिक्षकांच्या बदल्या होणार आहेत का, हेही आत्ताच विचारा. दोनशिक्षकी शाळेत एक चांगले गुरुजी गेले की निम्मी शाळा बदलते.

---

खडू-फळा

आणि खाजगी शाळेलाही हीच फुटपट्टी लावा. बसने जाणारी तिसरीतली गावातली लेकरं असतीलच. त्यांना इंग्रजीतल्या चार सोप्या ओळी द्या, आणि त्याच ओळींचा अर्थ मराठीत विचारा. सुरात वाचता आलं पण अर्थ सांगता आला नाही, तर फी वाचण्याची नाही, पाठांतराची जातेय. वरचा मराठी उताराही त्यांना द्या. पहिलीच्या लेकराला रोज 28 किलोमीटर बसमध्ये काढायचे आहेत, तो वेळही हिशेबात धरा.

उतारा पाटीवर किंवा जाड कागदावर मोठ्या अक्षरात हाताने लिहून घ्या. मोबाइलच्या पडद्यावर वाचायला दिला तर लेकरं पडद्याला बोट लावतात आणि मजकूर सरकतो, मग वेळ चुकते.