शब्दचर्चा : सक्तीचा परवाना

प्रश्न : औषधांच्या पेटंटविषयीच्या बातम्यांत ‘सक्तीचा परवाना’ हा शब्दप्रयोग येतो. यातली सक्ती नेमकी कोणावर? याच अर्थाने ‘कंपनीचे पेटंट काढून घेतले’ असे लिहिलेलेही वाचले. ते बरोबर आहे का?

उत्तर : सक्ती पेटंटधारकावर होते आणि तीही मर्यादित असते. पेटंट त्याच्याकडेच राहते. फक्त त्याच्या संमतीवाचून तेच औषध बनवण्याची मुभा दुसऱ्या उत्पादकाला मिळते आणि त्या विक्रीवर मूळ धारकाला स्वामित्वधन द्यावे लागते. त्यामुळे ‘काढून घेतले’ हे लिहिणे सरळ चूक आहे.

भारतातला असा पहिला परवाना मुंबईच्या पेटंट कार्यालयातून मार्च २०१२ मध्ये दिला गेला. यकृत आणि मूत्रपिंड यांच्या कर्करोगावरचे सोराफेनिब हे बायर कंपनीचे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडत होते. हैदराबादच्या नॅटको कंपनीने आधी बायरकडेच परवाना मागितला आणि तो न मिळाल्यावर पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली अर्ज केला. जनतेची वाजवी गरज भागत नसेल, किंमत परवडण्याजोगी नसेल किंवा शोधाचा वापर भारतात होत नसेल, तर हे कलम लागू होते. यांतले एक कारणही पुरेसे असताना इथे तिन्ही सिद्ध झाली. महिन्याभराचे औषध नऊ हजारांच्या आत देण्याचे बंधन नॅटकोवर आले, आणि बायरसाठी ठरलेले सहा टक्के स्वामित्वधन अपिलात सात टक्के झाले. पुढे २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हा परवाना कायम ठेवला.

प्रश्न : मग ‘अनिवार्य परवाना’ का म्हणू नये?

उत्तर : कारण मराठीत ‘वाहन चालवण्यासाठी परवाना अनिवार्य आहे’ असे आपण रोज म्हणतो, आणि त्यात परवाना घेणाऱ्यावर बंधन असते. इथे बंधन देणाऱ्यावर आहे. म्हणून मला ‘सक्तीचा’ हेच विशेषण योग्य वाटते.

आणखी एक भर : जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदाविषयक करारातील कलम ३१ मध्ये ही संज्ञाच नाही, तिथे ‘हक्कधारकाच्या परवानगीविना इतर वापर’ असे लांबलचक शीर्षक आहे. याच संघटनेच्या २००१ च्या दोहा जाहीरनाम्याने मात्र ही संज्ञा स्पष्ट वापरली आणि असा परवाना कोणत्या कारणांसाठी द्यायचा हे ठरवण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक सदस्य देशाला असल्याचे नमूद केले. केवळ आणीबाणीतच तो देता येतो, हा समज म्हणूनच निराधार आहे. खरी अडचण वेगळी होती : असे उत्पादन मुख्यत्वे देशांतर्गत बाजारासाठीच असावे, अशी कलम ३१ ची अट असल्याने ज्या देशात औषधकारखानाच नाही त्याच्या हाती परवाना असूनही काही पडत नव्हते. २००३ मध्ये यातून वाट काढण्यात आली, पण ती इतकी किचकट ठरली की तिचा वापर करून कॅनडातून रवांडाला एड्सची औषधे गेली, हे तिचे जवळपास एकमेव उदाहरण आहे.

शेवटी एक विनंती. परवान्याखाली बनलेल्या जेनेरिक औषधाला ‘नकली’ किंवा ‘डुप्लिकेट’ म्हणू नये. त्यातला औषधी घटक तोच असतो आणि ते पूर्णपणे कायदेशीर असते. ‘नकली’ हा शब्द भेसळयुक्त आणि बनावट औषधांसाठीच राखून ठेवावा, कारण या एका शब्दाच्या भीतीने रुग्णाचे नातेवाईक परवडणारे औषध नाकारतात.