विषय : फोडणी दिली की अलार्म बोंबलतो

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीचा विषय चालू असताना मध्येच घरचं गाऱ्हाणं आणतेय, कार्यकारिणीने रागावू नये. आम्ही मार्चमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनच्या टाउनहाउसमध्ये राहायला आलो. स्वयंपाकघर आणि हॉल एकच. मोहरी तडतडली की हॉलमधला स्मोक अलार्म सुरू, आणि सुकी मिरची पडली तर वरच्या मजल्यावरचे दोन्हीही त्याला साथ देतात. सासरे आलेत, ते आमटीच्या फोडणीआधी टॉवेल घेऊन अलार्मखाली उभे राहतात. सध्या त्यावर शॉवर कॅप चढवलीय. कायमचा काही उपाय?

– टाउनहाउसवाली

---

ताई, आधी ती शॉवर कॅप काढा. बाकीचं मग वाचा.

अलार्म फिरवून खाली काढा आणि मागचं लेबल बघा. 'अमेरिसियम 241' असं लिहिलेलं दिसलं तर तो आयनायझेशन जातीचा. भडकलेली आग तो चटकन ओळखतो, पण तापलेल्या तेलाचे अगदी बारीक कणही त्याला आगीसारखेच वाटतात. (किरणोत्सर्गी म्हणून घाबरू नका, मात्रा नगण्य असते. फक्त फोडून बघू नका.) दुसरा फोटोइलेक्ट्रिक, प्रकाशाच्या झोतावर चालणारा. धुमसणारी आग तो लवकर पकडतो आणि फोडणीला त्या मानाने कमी बिचकतो. शेगडीजवळच्या जागेला हाच बरा, आणि तोही शेगडीपासून निदान 10 फुटांवर.

त्याच लेबलवर तयार केल्याची तारीख असते. 10 वर्षं झाली असतील तर बॅटरी नवी घालून काही उपयोग नाही, अख्खा अलार्मच बदला. तुमचे तिन्ही एकमेकांना जोडलेले दिसतात, तेव्हा नवा त्या जोडणीला चालणारा घ्या आणि हात लावण्याआधी ब्रेकर पाडा.

एक गंमत. नव्या अलार्मना इथे हॅम्बर्गर भाजून त्याच्या धुराची परीक्षा द्यावी लागते. हिंगमिरचीची परीक्षा मात्र अजून कोणी घेतलेली दिसत नाही!

– मंडळातले जुने काका

---

काका, विषय निघालाच आहे तर विचारतो. आमचा अलार्म बोंबलत नाही, पण पहाटे तीनला दर मिनिटाला एकदा 'चिक' करतो. दिवसभर गप्प. बायको म्हणते भूत आहे.

– बेसमेंटवाला

---

भूत नाही, बॅटरी. उतरत आलेल्या बॅटरीचा व्होल्टेज थंडीत आणखी पडतो, आणि घर सगळ्यात गार पहाटेच असतं. सकाळी हीटिंग वाढलं की स्वारी पुन्हा शहाण्यासारखी. 9 व्होल्टची नवी घाला. तरी चिकचिक राहिलीच तर तारीख बघा, वर सांगितलंय.

– काका

---

काका, लेबल बघितलं. अमेरिसियम आहे आणि साल 2009! शेगडीपासून अंतर टेपने मोजलं तर जेमतेम 7 फूट. इलेक्ट्रिशियन बोलावून तो जिन्याकडे हलवला आणि तिन्ही फोटोइलेक्ट्रिक बसवले.

त्याच वेळी आणखी एक पोल उघडी पडली. शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही, कोळशाच्या फिल्टरमधून फिरवून पुन्हा आमच्याच तोंडावर सोडतो. भिंत फोडून पाइप काढायचा खर्च ऐकून तो बेत सोडून दिला. फिल्टर बदलला. आता तेल तापत ठेवायच्या आधीच पंखा लावते आणि सिंकवरची खिडकी चार बोटं उघडते. तेलही धूर येईपर्यंत तापवत नाही, एक दाणा टाकून बघते, तडतडला की बाकीची मोहरी.

काल लसणाची फोडणी दिली, वर दोन सुक्या मिरच्या. सगळे शिंकले, अलार्म गप्प. सासरे मात्र टॉवेल घेऊन उभेच होते.

– टाउनहाउसवाली

---

अभिनंदन. वर्गणी राहिलीय तुमची.

– खजिनदार