छापील किंमत (एमआरपी): ज्याला ज्या वस्तूतलं कळतं त्याने लिहा

गवतीचहा
एका पुड्यावर किमतीवर किंमत चिकटवलेली दिसली आणि 'स्थानिक कर वेगळे' हे जुने शब्द आठवले. नव्या मंडळींना माहीत नसेल, १९९० च्या आधी किमतीपुढे तेवढं छापलेलं असे आणि कर किती, तर दुकानदार म्हणेल तितका. मग सगळे कर धरून कमाल किंमत छापायची सक्ती आली. तरी मूळ आकडा उत्पादकच ठरवतो, सरकार नाही (काही औषधं, युरिया वगैरे सोडून). माझ्या मते छापील किंमत गल्ल्यावरच्या माणसाला आवरते, कारखानदाराला नाही. घरचं रामायण नको, कामाचं लिहा.

कोपऱ्यावरचा वाणी
स्टिकरचं आधी सांगतो. किंमत कमी करायला स्टिकर चालतं, पण मूळ छापील आकडा झाकायचा नाही. वाढवायला चालत नाही. कर बदलताना सरकारने खास मुभा दिली असेल तरच. स्टिकर बरोबर किमतीवरच बसवलेलं असेल तर नखाने कोपरा उचलून बघा. खाली कमी आकडा निघाला की पुडा तसाच ठेवून फोटो काढा, स्टिकर पूर्ण सोलू नका. सोललं की पुरावा गेला.

हिशेबनीस
सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी कपातीचा गोंधळ अजून मिटलेला नाही म्हणून लिहितो. बिस्किटं, साबण, शांपू, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आले. लोकांनी १३ टक्के उतरायला हवेत म्हणून भांडणं केली. तसं नसतं. छापील किंमत करासकट असते. ११८ मध्ये माल १०० चा, कर १८. नवा कर ५ म्हणजे १०५. एकशे अठरातून तेरा गेले, म्हणजे छापील किमतीच्या ११ टक्केच. सोपी रीत: जुनी किंमत × १०५ ÷ ११८. शंभराचे ८८.९८, दहाचे ८.९०, पाचाचे ४.४५.

चिंचगोळी
४.४५!! उरलेल्या ५५ पैशांची गोळी देणार का वाणीदादा 😄

कोपऱ्यावरचा वाणी
गोळीवर पण एमआरपी असते ताई 😄 म्हणून तर पाच-दहाच्या पुड्यांत बऱ्याच जणांनी किंमत तीच ठेवून ग्रॅम वाढवले.

पावशेर
ग्रॅमवरच येणार होतो. पूर्वी बिस्किटं, चहा, तेल, साबण पावडर ठरावीक वजनांतच भरावी लागे. ते बंधन उठलं. आता पुडा तोच, रंग तोच, आत ९० ग्रॅम की ८२, ते वाचल्याशिवाय कळत नाही. त्याला उतारा म्हणून १ जानेवारी २०२४ पासून एककाची विक्री किंमत छापणं सक्तीचं आहे. पुड्यावर यूएसपी अशी तीन अक्षरं असतात, बहुधा शिवणीजवळ, तारखेच्या ओळीत. किलोच्या आत असेल तर प्रति ग्रॅम, वर असेल तर प्रति किलो. बरोबर एक किलोचा पुडा असेल तर वेगळी छापत नाहीत, एमआरपी तीच.

गोम अशी की आकडा दोनच दशांशांपर्यंत. चहा, मसाला, शांपू यांना ठीक. पीठ, रवा, पोहे यांना निरुपयोगी. अर्धा किलोचा एक पुडा २३ ला, दुसरा २७ ला. ग्रॅमला ०.०४६ आणि ०.०५४, दोन्हीवर छापणार ०.०५. प्रत्यक्षात किलोमागे आठ रुपयांचा फरक. स्वस्त मालाला स्वतः भागाकार करा.

गवतीचहा
आणि मोठा पुडा स्वस्तच, हा आणखी एक भ्रम. चहा २५० ग्रॅम १५० ला आणि अर्धा किलो ३१० ला असेल तर दोन पाव घ्या, दहा रुपये वाचले.

घाण्याचा बैल
तेलाचं कुणी बोलेना. पंधरा लिटरचा डबा आणि पंधरा किलोचा डबा फडताळावर शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटर साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे पंधरा लिटर = साडेतेरा किलोच्या किंचित वर. दर विचारताना 'डबा केवढ्याला' नाही, 'किलोला काय पडलं' विचारा. पिशवीतसुद्धा लिटरच्या रांगेत ८५०-८७० ग्रॅमच्या असतात.

चिंचगोळी
लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल कुठे चांगलं मिळेल? विषयांतराबद्दल सॉरी

घाण्याचा बैल
वेगळा धागा काढा, तासभर लिहीन.

गोळीबार
औषध दुकानातून. अत्यावश्यक यादीतल्या औषधांना सरकारी कमाल किंमत आहे: बाजारात १ टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी, वर विक्रेत्याचे १६ टक्के. यादीबाहेरच्यांची किंमत कंपनी ठरवते, फक्त वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. मूळ किंमतच अवाच्या सवा ठेवली तर १० टक्क्यांची वेसण काय कामाची? म्हणून काही जेनेरिकवर निम्मी सूट देऊनही दुकानदाराला परवडतं. सूट किती यावर भाळू नका. घटक आणि मिलिग्रॅम लिहून घ्या, 'फार्मा सही दाम' ॲपवर टाका, तेच औषध इतरांचं केवढ्याला ते दिसतं. बदल डॉक्टरांना विचारूनच.

सुट्या गोळ्या घेतल्या तर भागाकार: पट्टीत १५, घेतल्या ६, तर छापील ÷ १५ × ६. आणि बॅच नंबर, मुदत बिलावर हवी, कारण कापलेल्या तुकड्यावर ती राहीलच असं नाही.

काळीआई
युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, डीएपी खताची ५० किलोची १३५०. गोणीवर छापलेलं असतं. जास्त घेतच नाहीत, 'लिंकिंग' करतात. युरिया हवा तर सोबत हे द्रवखत घ्या. कागदावर सगळं छापील दरात, शेतकऱ्याच्या खिशाला चारशेचा भुर्दंड. अंगठा लावल्यावर दुकानातल्या पॉस (विक्री नोंदवायच्या) यंत्रातून निघणारी पावती मागा आणि सोबतच्या मालाचं वेगळं बिल मागा. दोन्ही घेऊन पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे.

दोनघोट
पाण्याची बाटली?

हिशेबनीस
हॉटेलात बसून घेतली तर जास्त लावू शकतात. १२ डिसेंबर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: तिथे नुसता माल नाही, सेवाही विकली जाते. दुकानात, टपरीवर, फलाटावर नाही. रेल नीर सप्टेंबर २०२५ पासून लिटरला १४, अर्ध्या लिटरला ९.

दोनघोट
विमानतळावर २० ची बाटली दिसतच नाही ती का मग

हिशेबनीस
एकाच मालावर दोन एमआरपी छापायला २०१८ पासून बंदी आहे. पण 'एकच माल' असेल तर. बाटलीचा आकार, नाव, वजन बदललं की तो वेगळा माल. कायद्यात बसतं, पटत नाही.

साय
आमच्याकडे दुधाच्या पिशवीवर दोन रुपये 'कूलिंग'. राग येतो पण रोज सकाळी कोण भांडणार

कोपऱ्यावरचा वाणी
दुधात सुटतं फार थोडं आणि फ्रीज चोवीस तास चालू, हे खरं. पण कायद्यात कूलिंग नाही. फ्रीज, वाहतूक, वीज सगळं छापील किमतीत आलं. घरपोच आणून दिलं तर त्याचे पैसे वेगळे सांगून घ्यावेत, पिशवीच्या किमतीत कालवू नयेत.

हिशेबनीस
'४० टक्के सूट, जीएसटी वेगळा' ही कपड्यांच्या सेलमधली पाटीही तशीच. एमआरपीत कर आलेला असतो, मग सूट दिलेल्या रकमेवर पुन्हा कसा?

साय
पण तक्रार करायची कशी? बिलच देत नाहीत

पावशेर
साय, बिल देत नसतील तर ती एकच वस्तू घ्या आणि यूपीआयने द्या. चार वस्तूंच्या बेरजेत जादा रक्कम सिद्ध होत नाही. मग पिशवीचे दोन फोटो: एक किंमत, वजन, तारीख वाचता येईल असा, एक समोरून. दुकानाची पाटी. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन किंवा जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयात लेखी. दूध तापवून पिशवी कचऱ्यात टाकू नका, धुऊन वाळवून ठेवा.

चिंचगोळी
आमच्या आई दुधाच्या पिशव्या तशाही धुऊन दोरीवर वाळत घालतात, पुराव्याचं दुकान आहे घरात 😂

काळीआई
त्या पिशव्यांत रोपं लावा, तळाला दोन भोकं पाडून. मिरचीला छान.

चिंचगोळी
अर्ध्या लिटरची पिशवी पुरते का मिरचीला?

काळीआई
पाच-सहा पानांवर येईपर्यंत पुरते. मग कुंडीत.