मदत हवी आहे: बॅरिटोन गिटार (लांब तारांची, खालच्या सुरात लावलेली) घ्यावी, की आहे तीच खालच्या सुरात उतरवावी?

मंडळी,

आमच्या घरगुती मैफिलींना बेसवाला नाही. गाणारा मित्र, तबला आणि माझी इलेक्ट्रिक गिटार, एवढाच संसार. मधलं-वरचं भरतं, पण खर्जात पोकळी राहते. म्हणून माझ्या स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) धाटणीच्या गिटारच्या (स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 25.5 इंच; तारा 10-46, म्हणजे सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सगळ्या तारा पाच सेमीटोन (अर्धे स्वर) उतरवून पाहिल्या, जाड तारेपासून: बी-ई-ए-डी-एफ शार्प-बी.

आवाज ऐकून जीव हरखला, पण वाजवणं अवघड. सहावी तार लोंबते. जोरात छेडली की ट्यूनरची (सूर मोजणाऱ्या यंत्राची) सुई आधी वर पळते आणि आवाज विरता विरता खाली येते. पुढच्या बाजूने ताण कमी झाल्याने मागच्या स्प्रिंगांनी ब्रिज (तारा जिथे अडकवतात तो भाग) खाली ओढून घेतलाय, त्यामुळे फ्रेटवर खडखडाटही होतो.

जाड तारा लावून भागेल का? की 27 इंची बॅरिटोनच घ्यावी? 30 इंची फेंडर बेस सिक्स (सहा तारांचा बेस) हाही बॅरिटोनच का? दुकानात चौकशी केली तर त्यांनी सात तारांची गिटार पुढे केली आणि 'हेच ते' म्हणून मोकळे झाले. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

प्रतिसाद

सात तारांची म्हणजे 'हेच ते' नव्हे. तिथे नेहमीच्या सहा तारांच्या खाली एक बी वाढते, बाकी मांडणी तशीच. बॅरिटोनमध्ये अख्खी गिटारच खाली सरकते. हाताला ओळखीचे आकार तेच राहतात, ऐकू येताना मात्र जी कॉर्डचा आकार डी होतो.

आता तुमच्या लोंबत्या तारेचं गणित. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सहावी तार 82.4 हर्ट्झवरून 61.7 वर आली की ताण 56 टक्केच उरतो. लांबीचाही वर्गच लागतो, म्हणून 25.5 ऐवजी 27 इंच केलं की 12 टक्के ताण परत मिळतो आणि 29.75 इंचाला 36 टक्के. उरलेली भरपाई जाडीने करायची. तुमच्याच गिटारवर 13-62 चा संच लावलात तर बी ट्यूनिंगला 10-46 इतकाच ताण हाताला लागेल.

मग बॅरिटोन कशाला? कारण तार जाड झाली की ताठ होते. आखूड तारेत तो ताठपणा जास्त जाणवतो: आवाज ठोकळ्यासारखा येतो, वरचे स्वर नीट जुळत नाहीत, आस लांबत नाही. लांब स्केलवर तीच नोट पातळ तारेत मिळते. पियानोसारखी खणखणीत खालची बाजू हवी असेल तर लांबीला पर्याय नाही.

पण आधी एक सांगा, तुमचा मित्र कुठल्या पट्टीत गातो?

धागाकर्ता

काळी एक.

प्रतिसाद

मग थांबा, पाकीट आत ठेवा! काळी एक म्हणजे सी शार्प. आहे त्याच गिटारला 12-54 किंवा 12-56 चा संच लावून तीनच सेमीटोन उतरा. ताण जवळपास पूर्वीइतकाच राहील आणि ई चे सगळे उघडे आकार (न दाबलेल्या तारा वापरणाऱ्या कॉर्ड) थेट काळी एकमध्ये वाजतील. नटच्या (मानेच्या टोकाची, तारा बसवायची पट्टी) खाचा जाड तारांसाठी किंचित रुंद कराव्या लागतील. ते काम घरी कानशीने करू नका, खाच खोल गेली की नट गेला. सेटअप करणाऱ्याकडून ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई), स्प्रिंगा आणि सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) एकदमच बघून घ्या.

धागाकर्ता

हे डोक्यातच आलं नव्हतं! पण एक राहिलं. मित्राची बहीणही गाते, काळी पाचमध्ये. एका बैठकीत दोघांची गाणी आलटून पालटून असतात.

प्रतिसाद

हे आधी सांगायचं ना राव, इथे प्रश्नच बदलला. काळी पाच म्हणजे ए शार्प, आणि तो खर्ज सी शार्पवर लावलेल्या गिटारच्या सहाव्या तारेच्याही खाली आहे. बी वर लावली तरी एका सेमीटोनाने हुकतो.

अशा वेळी बॅरिटोन ए ला लावा: ए-डी-जी-सी-ई-ए, म्हणजे नेहमीपेक्षा सात सेमीटोन खाली. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की ई चा आकार काळी पाचमध्ये वाजतो, चौथ्यावर लावला की काळी एकमध्ये. बोटं तीच, खुंट्यांना हात लावायचा नाही. 27 इंची गिटारवर यासाठी 14-68 चा संच चांगला बसतो. कॅपो जरा दमदार स्प्रिंगचा घ्या, जाड तारांवर हलका कॅपो सहावी तार नीट दाबत नाही आणि ती भुणभुणते.

प्रतिसाद

बेस सिक्सबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी.

तो बॅरिटोन नव्हे. गिटारचीच मांडणी, पण पूर्ण सप्तकभर खाली, ई ते ई. डॅनइलेक्ट्रोने 1956 मध्ये सहा तारांचा बेस काढला, फेंडरचा 1961 मध्ये आला. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओत तर याचं भन्नाट काम होतं. उभ्या बेसवर कुणी ओळ वाजवायचा आणि दुसरा तीच ओळ सहा तारांच्या बेसवर, तळहाताने तार दाबून, पिकने टिकटिक वाजवायचा. एकाचा घुमारा, दुसऱ्याचा टोकदार ठोका. त्या शैलीला नावच 'टिक-टॅक' पडलं. पुढे बीटल्सच्या 1968-69 च्या रेकॉर्डिंगमध्ये मॅकार्टनी पियानोवर बसले की हॅरिसन किंवा लेनन यांच्या हातात हाच बेस सिक्स असायचा.

तुमच्या कामाला मात्र मी तो सुचवणार नाही. खालची ई 41 हर्ट्झची, गिटारच्या छोट्या ॲम्पमधून ती निव्वळ फडफडेल, वेगळा बेस ॲम्प आला. तारा गिटारइतक्या जवळ असल्याने बोटांनी बेससारखं वाजवायलाही अडचण. आणि त्यावर कॉर्ड धरली तर खाली सगळा चिखल. एकेक स्वराची धून वाजवायला मात्र त्याच्यासारखं वाद्य नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. आता बॅरिटोनच बघतो. स्क्वायरची कॅब्रोनिटा टेलिकास्टर बॅरिटोन 27 इंची आहे आणि ग्रेचची जेट बॅरिटोन 29.75 इंची. दोन्ही बी ला लावून येतात ना? ए ला उतरवताना काय बघू?

प्रतिसाद

हो, दोन्ही बी साठीच. 27 इंचीला ए वर जाताना तारा वर म्हटल्याप्रमाणे बदला. 29.75 इंचीला ए अगदी सहज पेलतं, 62 ची सहावी तार पुरे होते. पण पहिल्या तीन फ्रेटवर बोटं चांगलीच ताणावी लागतात, हात लहान असेल तर आधी वाजवून बघा. तार घेताना तिची एकूण लांबीही विचारा. लांब मानेच्या गिटारवर साधी तार खुंटीपर्यंत पोचते खरी, पण जाड वेटोळं नटच्या अलीकडेच संपलं तर ती उपयोगाची नाही.

आणि वाजवताना सहाही तारांवर कॉर्ड झोडपू नका. खाली सा आणि त्याचा पंचम, गांधार मात्र वरच्या तीन तारांवर ठेवा. खालच्या सप्तकात सा आणि गांधार शेजारी आले की नुसती घरघर ऐकू येते. तबल्याचा बायाही त्याच पट्ट्यात घुमतो, तेव्हा ॲम्पचा बेस निम्म्यावर ठेवून सुरुवात करा.