मिक्स टाकीत (वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र) आधी काय बघायचं, पाणी की माशांचा स्वभाव?

बोअरचं पाणी, लातूर
पुतण्यानं दोन फुटी टाकीसाठी यादी आणलीय: दोन एंजल, चार निऑन, चार टायगर बार्ब, सहा गप्पी, एक सकर (काच चाटणारा मासा). माझं ठाम मत आहे की मराठवाड्यात मासे निवडताना पहिली चाळणी पाण्याची लावावी. आपलं बोअर काळ्या खडकातलं, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवणारं. गप्पी, मॉली, प्लॅटीला असं जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी मानवतं. आरोग्य खातं डासांच्या अळ्यांसाठी हौदात सोडतं तेच हे गप्पी. निऑन मात्र ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. तो यादीतून काढावा.

जायकवाडीकर, छ. संभाजीनगर
असहमत. बाजारातले निऑन बहुतेक फार्मवर वाढलेले असतात, मध्यम जड पाणी सोसतात. अंडी फुटणार नाहीत, पण मिक्स टाकीत निऑनची पैदास करायचीय कुणाला? या यादीतला खरा धोका टायगर बार्ब. चारच ठेवले की ते एंजलचे लांब पर आणि गप्पीच्या शेपट्या कुरतडतात. आठ-दहांचा थवा असला तर बरीचशी भांडणं आपसात मिटतात, पण दोन फुटांत तेवढी जागा नाही. शिवाय एंजल मोठा झाला की निऑन त्याच्या तोंडात मावतो. पाणी कितीही जुळवा, हे थांबत नाही.

बोअरचं पाणी, लातूर
एंजल आणि बार्बबद्दल मान्य. पण सोसणं वेगळं आणि निरोगी राहणं वेगळं. आणि आपल्याकडे पाणी एकसारखं असतं कुठं? नळ काही दिवसांआड, मध्ये टँकर, नाहीतर बोअर. 2016 मध्ये याच शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पाणी बदलताना उगम बदलला की क्षार एकदम वर-खाली होतात, आणि नाजूक मासा आधी जातो.

हौशी, जालना
मग आरओचं पाणी मिसळा, प्रश्न मिटला.

बोअरचं पाणी, लातूर
घरगुती आरओ जेवढं पाणी देतं त्याहून जास्त बहुतेक वेळा बाहेर टाकतं. टंचाईच्या गावात माशांसाठी हे करणं मला पटत नाही.

गोदाकाठ, नांदेड
तुम्ही दोघं जातीवरून भांडायलात, संख्येचं कुणीच बोलंना. दोन फुटी टाकीत जेमतेम 50 लिटर पाणी, त्यात सतरा मासे! मे महिन्यात पाणी 32 अंशांवर जातं. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 ला साडेसातच. त्यात गरम पाण्यात माशाला जास्त ऑक्सिजन लागतो. लाईट गेली, एअर पंप बंद पडला की गर्दीची टाकी आधी मरते. म्हणून संख्या निम्मी करा. आणि सकर नकोच, तो फुटाच्या वर वाढतो. मग लोक तो तलावात नाहीतर नदीत सोडतात. कळकळीनं सांगतो, असं कुणी करू नका.

जायकवाडीकर, छ. संभाजीनगर
संख्येचं बरोबर. पण गप्पीची मादी महिन्या-महिन्याला पिल्लं देते, ती गर्दी कोण आवरणार?

बोअरचं पाणी, लातूर
फक्त नर आणायचे. सहा नर गप्पी आणि चार प्लॅटी, तेही नरच. बास.

जायकवाडीकर, छ. संभाजीनगर
मी अजूनही सहा निऑन आणि सहा नर गप्पी म्हणेन, एंजल, बार्ब, सकर सगळे वगळून. एक करा. दुकानातल्या टाकीचा आणि घरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे एकूण विरघळलेले क्षार मोजा. फरक मोठा निघाला तर निऑनचा हट्ट सोडतो.

बोअरचं पाणी, लातूर
टीडीएसवरून जडपणा नेमका कळत नाही, सोबत जडपणा तपासायची पट्टीही लावतो. नळाचं, टँकरचं आणि बोअरचं, तिन्ही पाणी मोजून इथंच आकडे टाकतो. तोवर पुतण्याला मासे न सोडता, नुसत्या पाणी भरलेल्या टाकीत फिल्टर चालू ठेवायला सांगितलंय.